४८ प्राणी, ५ मिनिटं आणि एकच चादर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तिघा मित्रांनी सोलापूरवर बेतलेला एक गेम केलाय. भुईकोट किल्ल्यापासून नान्नजच्या माळापर्यंत नकाशा, त्यावर फिरणारे ४८ काल्पनिक प्राणी, आणि प्राणी पकडायचा तर त्याच्यावर चादर टाकून गाठ मारायची. आता यावरून ५-५ मिनिटांच्या ६ भागांची ॲनिमेटेड मालिका करायची आहे. तुम्ही विचारलंय की ६ भागांत ४८ प्राणी कसे बसवायचे, लढाया कशा दाखवायच्या आणि हे सगळं तिघांत होईल का.

पहिल्याचं उत्तर: बसवू नका. तिसऱ्याचं उत्तर: होईल, पण ६ भाग नाही, ३ होतील. मधलं उत्तर लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी वीसेक वर्षं स्टोरीबोर्ड (गोष्टीचा चित्रांतला आराखडा) आणि ॲनिमेशन दिग्दर्शनाचं काम करतोय. बरीचशी पुण्या-मुंबईत गेली, आता घरूनच, म्हणजे सोलापुरातून करतो. एकदा एका मोबाइल गेमवरून मालिका करायचं काम आमच्याकडे आलं होतं. ग्राहकाची अट अशी की प्रत्येक भागात किमान चार नवे प्राणी दिसलेच पाहिजेत, कारण पुढे खेळणी काढायची होती. आम्ही मान डोलावली. प्राणी यायचा, आपलं नाव सांगायचा, एक करामत दाखवायचा आणि जायचा. लग्नात आहेराच्या रांगेत माणसं पुढे सरकतात ना, तसं. सगळं झाल्यावर काही मुलांना बसवून भाग दाखवले आणि विचारलं, कोण आवडलं? एक पोरगा म्हणाला, "तो चहावाला." चहावाला कोणीच लिहिला नव्हता! पैसे वाचवायला आम्ही एकच बॅकग्राउंड पुन्हा पुन्हा वापरलं होतं आणि त्या टपरीवर तो बसलेला होता. पोराला सगळ्या भागांत भेटलेला माणूस तेवढाच.

तुमची अडचण नेमकी इथे आहे. गेममध्ये गोळा करण्याची मजा खेळणाऱ्याच्या अंगठ्यात असते. तोच प्राणी चाळीसदा दिसला तरी चालतो, कारण दर वेळी 'आता सापडेल' ही धाकधूक माझी स्वतःची असते. मालिकेत ते अंगठे काढून घेतले जातात. दुसऱ्याला प्राणी पकडताना बघणं म्हणजे दुसऱ्याला शेंगा फोडून खाताना बघणं. दोन मिनिटं ठीक. म्हणून गेमची गोष्ट पडद्यावर आणायच्या मागे लागू नका. गेममध्ये खेळणाऱ्याला जिथे क्षणभर थांबून 'करू का नको' असं वाटतं, ती जागा शोधा आणि तेवढीच उचला.

हे ज्यांनी नीट ओळखलं, त्यांचंच उदाहरण देतो. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये गेम बॉय या हातात धरायच्या गेम-यंत्रावर पोकेमॉनचे 'रेड' आणि 'ग्रीन' हे गेम आले. साटोशी ताजिरीला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता, त्यातून ही कल्पना निघाली. गेममध्ये सुरुवातीला तिघांतला एक प्राणी निवडायचा असतो: बल्बासॉर, चारमँडर किंवा स्क्वर्टल. पिकाचू त्या तिघांत नाहीच. तो पुढे एका जंगलात भेटतो, तोही नशिबात असला तर. वर्षभरानं, १ एप्रिल १९९७ ला, टीव्ही मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या भागात मुलगा उशिरा पोचतो, तिन्ही प्राणी आधीच गेलेले असतात, उरलासुरला पिकाचू त्याच्या गळ्यात पडतो, आणि पकडलेले प्राणी ज्यात ठेवतात त्या चेंडूत जायला तो पठ्ठ्या तयारच नाही.

दोन हिशेब एका फटक्यात. तिघांपैकी एखादा नायकाला दिला असता तर उरलेले दोन निवडणाऱ्या पोरांचा हिरमोड झाला असता. आणि दुसरं, प्राणी चेंडूत बंद होतो हा गेमचा पायाच, तो पहिल्याच भागात मोडला. त्यामुळे पिकाचू सतत पडद्यावर राहिला, त्याचा चेहरा दिसत राहिला, रुसवेफुगवे दिसत राहिले. चेंडूत गेलेल्या प्राण्याला चेहरा कुठून दिसणार? पुढे १९९८ मध्ये 'यलो' नावाचा गेम आला, त्यात पिकाचू खेळणाऱ्याच्या मागे मागे चालतो. मालिकेनं गेमला आपल्या मागे खेचून नेलं.

तेव्हा तुमच्या गेममधले सुरुवातीचे तीन प्राणी मालिकेत नायकाला देऊ नका. माझं मत विचाराल तर 'धोट्या' घ्या. विणायच्या मागाखाली कुठेही सापडणारा, गेममध्ये कोणी ढुंकून न बघणारा, मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासारखा दोन्हीकडे टोकदार प्राणी. माझ्या मुलीनं तुमचा गेम संपवला तेव्हा तिच्याकडे अकरा धोटे होते, सगळे न वापरलेले. हा प्राणी सोलापूर सोडून दुसरीकडे कुठे जन्मालाच येऊ शकत नाही. 'कडक्या' आणि 'चटकी' पण गोड आहेत, पण कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर हात-पाय काढलेत हे लगेच कळतं. विनोद एकदा होतो. धोट्याला स्वभाव आहे: तो एका जागी थांबूच शकत नाही. स्वभाव असलेला प्राणीच पाच मिनिटं ओढून नेतो.

आता चादर. तुमच्या गेममध्ये ती २० नाण्यांना मिळते आणि खिशात ९९ मावतात. गेमसाठी बरोबर आहे, मालिकेसाठी तोच आकडा सगळं मारून टाकतो. मालिकेत चादर एकच ठेवा. संपूर्ण मालिकेत एक. ती टाकली की गेली, कारण गाठ सोडली तर आतला प्राणी जातो. एवढं केलंत की लेखकाचं निम्मं काम झालं. मग प्रत्येक भागात प्रश्न आपोआप उभा राहतो: ह्याच्यावर टाकायची का? शेवटपर्यंत न टाकता गोष्ट चालवता येते, हेही लक्षात घ्या.

आणि ती चादर साधी नको. जॅकार्ड मागावर चादर कशी निघते हे तुम्ही बघितलंच असेल. आधी ग्राफ कागदावर चौकटी रंगवून मोर काढतात, मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, आणि मागावर ती भोकं ठरवतात की कुठला धागा उचलायचा. जोसेफ मरी जॅकार्डचं हे यंत्र १८०४ चं. दोनशे वर्षं उलटून गेली, पण विचार केलात तर तो चौकटींचा मोर आणि गेम बॉयच्या १६० बाय १४४ ठिपक्यांच्या पडद्यावरचा प्राणी हे सख्खे भाऊ आहेत. त्या गेममधले प्राणी जास्तीत जास्त ५६ बाय ५६ ठिपक्यांत बसवलेले होते, आणि छटा फक्त चार. तर तुमच्या चादरीत एका पट्टीचं एक भोक बुजलेलं होतं असं समजा. त्यामुळे मोराला एक पाय कमी. सेकंडचा माल, विकला जाणार नाही, म्हणून बापानं घरी आणलेला. तीच चादर मुलीच्या हातात. पहिल्या भागात तो एक पाय नसलेला मोर दाखवा आणि काही बोलू नका. पोरं ती चादर हजारांत ओळखतील.

हो, मुलगी म्हणालो. तुमच्या गेममधला नायक बिनचेहऱ्याचा आहे, तो असायलाच हवा, कारण तिथे खेळणाऱ्यानं स्वतःला घालायचं असतं. मालिकेत तशी रिकामी जागा चालत नाही. माझी सूचना: सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, शाळेत मराठी, आणि शेजारच्या मैत्रिणीकडे कन्नड. बापाला 'नान्ना' म्हणणारी. वय दहा-अकरा. तिला काय हवंय हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'तिला सगळे प्राणी गोळा करायचेत' हे चालणार नाही, ते तुमच्या गेमचं वाक्य झालं. 'तिला असं काहीतरी हवंय जे दुसऱ्या कोणाकडे नाही.' हे चालेल. कारण तिच्याकडे जे आहे ते सगळं सेकंडचं आहे.

प्राणी निवडायचे कसे? गेमच्या यादीत कोण ताकदवान आहे ते बघू नका. प्रत्येक प्राण्याखाली तुम्ही जी दोन-दोन ओळींची माहिती लिहिलीय, ती वाचा. २०२२ मध्ये विट स्टुडिओनं पोकेमॉनच्या हिसुई या प्रदेशावर ३ छोट्या भागांची मालिका केली. तिच्या मध्यभागी झोरुआ आहे. हिसुईतल्या झोरुआबद्दल गेममध्ये माहिती अशी की माणसांनी हुसकावल्यावर थंडीत मेलेले हे प्राणी मनात राग धरून भूत होऊन परतले. गेम खेळताना ही ओळ वाचून पुढे जायचं असतं. मालिकेनं त्या ओळीचा माणूस शोधला: लहानपणी अशा एका झोरुआला भेटलेला आणि मोठेपणी तिथे परत आलेला. संपली गोष्ट, तीन भागांत. २०१३ मध्ये मूळ 'रेड' गेमवरून ४ भाग केले होते, तिथेही तेच दिसतं. पूर्ण गेम चार भागांत कोंबायचा होता, तरी एक अख्खा भाग त्यांनी आईविना झालेल्या क्यूबोन या प्राण्याला आणि थडग्यांच्या मनोऱ्याला दिला. मधल्या कितीतरी लढाया भराभर सांगून उरकल्या. कशावर वेळ घालवायचा आणि काय उरकायचं, याचा तो धडाच आहे. २०२० मधल्या गॅलार प्रदेशावरच्या छोट्या मालिकेत तर गेमचा नायक जवळपास बाजूलाच ठेवला. सुरुवात होते दवाखान्यात पडलेल्या एका मुलापासून, ज्याला चॅम्पियनची लढत बघायची आहे.

तुमच्या यादीतली माहिती मी वाचली. ४८ पैकी ३० ठिकाणी 'हा प्राणी खूप वेगवान आहे' छापाचं आहे, ते सोडून द्या. पण कंबर तलावाच्या त्या बेडकासारख्या प्राण्याखाली तुम्ही लिहिलंय की तो फक्त ओळखीच्या आवाजाला वर येतो. आणि ४८ नंबरखाली लिहिलंय, 'एकदा दिसला तर पुन्हा दिसत नाही.' ह्या दोन ओळी सोनं आहेत. धोट्या, हा बेडूक आणि ४८ नंबर. मालिका ह्या तिघांची. बाकीचे पंचेचाळीस बॅकग्राउंडला फिरू देत. पंचकट्ट्यावर गाडीच्या छपरावर एखादा झोपलेला दिसला तर गेम खेळलेली पोरं ओरडतील, न खेळलेल्यांचं काही बिघडणार नाही.

४८ नंबरबद्दल जरा थांबून बोलायला हवं. तो तुम्ही माळढोकावरून घेतलाय आणि गेममध्ये तो सापडण्याची शक्यता १ टक्का ठेवलीय. गेममध्ये दुर्मीळ म्हणजे भारी, सगळ्यांना दाखवायची गोष्ट. पण नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आपल्या उशाशी आहे, आणि आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे. सोलापूरच्या पोरांना हे शाळेत सांगितलेलं असतं. त्या पोरांसमोर तुमची नायिका माळढोकासारख्या प्राण्यावर चादर टाकून गाठ मारते आणि मागे विजयाचं संगीत वाजतं, हे मला बघवणार नाही. आणि नैतिक मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी गोष्ट म्हणूनही ते कच्चं आहे. तुमच्या गेमच्या नियमात आणि माळावरच्या वास्तवात जी फट आहे, तीच तुमच्या शेवटच्या भागाची जागा. तिला हवं होतं दुसऱ्या कोणाकडे नसलेलं काहीतरी. ते समोर उभं आहे. चादर जवळ आहे.

तो प्रसंग मी कसा काढेन ते सांगतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

पहाट, माळावर रंग अजून उतरलेला नाही, दोनच छटा. मुलगी गवतात पालथी पडलीय. जमीन गार म्हणून चादर तिनं पोटाखाली घेतलीय. कॅमेरा तिच्या हनुवटीच्या उंचीवर, त्यामुळे गवताच्या काड्या समोर खांबांसारख्या. आठ सेकंद. हलतं काय, तर तीन काड्या आणि तिच्या पाठीवरचा श्वास. दूरवर ४८ नंबर येतो. चालताना मान मागे-पुढे, सहा ड्रॉइंगचं चक्र, तेच फिरवत राहायचं. मुलीचा हात पोटाखाली जातो, चादरीचं टोक धरून ओढतो. चादर येत नाही. तिच्याच वजनाखाली अडकलीय. फेकायची तर उठावं लागणार, आणि उठली तर तो जाणार. ती एक कोपर टेकवते. प्राणी थांबतो. मान वळवतो. इथे चार सेकंद एकही ड्रॉइंग बदलू नका, काड्यासुद्धा नाही. मग त्याच्या गळ्याची पिशवी फुगते आणि तो खोल, पोटात जाणवणारा घुमारा. तिच्या दप्तरातला धोट्या, जो आजवर एका जागी थांबलेला नाही, गप्प होतो. मुलगी कोपर हळूच परत जमिनीवर ठेवते. आडवी होते. चादर पोटाखालीच.

शब्द एकही नाही. तिला काय वाटलं हे सांगणारा निवेदक नाही. खरा माळढोक माणसाची चाहूल लागताच निघून जाईल, एवढं थांबून गाणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. तुमचा काल्पनिक आहे, त्याला मुभा. आणि बघा, हा पाऊण मिनिटाचा प्रसंग दीडशेच्या आत ड्रॉइंगमध्ये निघतो. तेवढ्याच वेळाची लढाई पाचशेच्या वर जाईल.

लढायांचंही त्याच वळणावर. आळीपाळीनं वार, वर कमी होणारी शक्तीची पट्टी, हे पडद्यावर टेनिसच्या स्कोअरबोर्डसारखं दिसतं. ३ भागांत मिळून एकच लढाई ठेवा आणि ती जागेवर लढवा. पोकेमॉनच्या पहिल्या मालिकेत पिकाचू आणि ब्रॉक या प्रतिस्पर्ध्याचा ओनिक्स समोरासमोर येतात. ओनिक्स दगड-मातीचा, त्याला वीज लागत नाही, हा गेमचा नियम. मग आग लागून छताचे फवारे सुरू होतात, ओनिक्स भिजतो, डाव उलटतो. आणि जिंकायच्या क्षणी नायक हात आवरतो. गेमचे कट्टर खेळाडू यावर आजही नाकं मुरडतात, पण नियम आधी स्पष्ट दाखवून मग जागेच्या जोरावर वाकवलाय, त्यामुळे पोरांना ते पटतं. तुमच्याकडे जागा काय कमी आहेत? वीज गेली की अख्खा कारखाना गप्प होतो. धोट्याची ताकद मागाच्या ठेक्यात असेल तर ती वीज जाण्याची वेळ हीच लढाईची कलाटणी.

लढाईत चमचमाट करायचा मोह होईल, म्हणून एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा लखलखला आणि जपानभर जवळपास ७०० जणांना, त्यात बहुतेक मुलं, दवाखान्यात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद राहिली. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, आणि पडदाभर लालभडक तर नकोच. हा नियम तुमच्या स्टोरीबोर्डच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्राण्यांच्या चित्रांवर आता हात फिरवा. गेममध्ये धोट्याच्या अंगावर चौदा पट्टे आहेत. गेममध्ये ते एकदा काढले की झालं. मालिकेत दर ड्रॉइंगला चौदा पट्टे, आणि तो थांबत नाही म्हणता. तीन ठेवा. प्राणी पूर्ण काळा रंगवून भिंतीवर चिकटवा, लांबून ओळखू आला तर आकार बरोबर. मॉडेल शीटवर, म्हणजे प्राण्याच्या नमुना-चित्रांच्या कागदावर, नुसते पुढून-मागून-बाजूनं नको, तो चिडला, लाजला, झोपला, हेही हवं. रंग मोजून सात-आठ. चादरीवाले इतक्यातच भागवतात आणि त्यांचं कुठे अडत नाही.

तिघांत होईल का, याचा हिशेब घ्या. ६ भाग म्हणजे १८०० सेकंद. २४ फ्रेमचा सेकंद, एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२, म्हणजे २१,६०० ड्रॉइंग. तीन फ्रेम धरलं तरी १४,४००. हातानं काढायचं विसरून जा. प्राण्यांचे सांधे जोडून कट-आउट पद्धतीनं करा, फक्त चेहऱ्याचे जवळचे शॉट आणि तो माळावरचा प्रसंग हातानं. सरावलेला माणूस कट-आउटवर दिवसाला दहा-बारा सेकंद बरी हालचाल काढतो. म्हणजे ६ भागांना नुसत्या ॲनिमेशनचे दीड-पावणेदोनशे दिवस, आणि तुमच्यातला एक कोड लिहितो, एक संगीत करतो. हाताशी उरला एक. म्हणून ३ भाग करा. ब्लेंडर फुकट आहे, कृता फुकट आहे, ओपनटून्झ २०१६ पासून सगळ्यांना खुलं आहे, सॉफ्टवेअरवर दमडी खर्चू नका. खर्च करायचाच तर एका चांगल्या बॅकग्राउंड आर्टिस्टवर करा, आणि आवाजावर.

सगळ्यात आधी ॲनिमॅटिक. स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार लावून, आपल्याच आवाजात संवाद भरून पाच मिनिटांचा कच्चा भाग. तो गेम न खेळलेल्या माणसाला दाखवा. आईला दाखवा. तिनं मोबाइल हातात घेतला ती वेळ लिहून ठेवा, तिथून कापायचं.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या संवादांचा नमुना वाचला म्हणून सांगतो. तुमची पात्रं पुस्तकातलं बोलतात. "तू काय करत आहेस?" असं सोलापुरात कुठल्या पोरानं कुठल्या पोराला विचारलंय? "काय करलालास बे?" लिहा की सरळ! पुण्याच्या पोरांना अर्ध्या मिनिटात सवय होते. घरात तेलुगू येऊ द्या, खाली ओळी द्या. प्राण्यांना मात्र भाषा देऊ नका, फक्त आवाज. धोट्याची खटखट, बेडकाचा डराव. पुढे तेलुगू किंवा कन्नड आवृत्ती करायची झाली तर फक्त माणसांचे आवाज बदलावे लागतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. तिघं मित्र आहात, म्हणूनच आत्ता लिहून घ्या. कुठला प्राणी कोणी काढला, मालिकेसाठी तो वापरायचा हक्क कोणाला, पैसे आले तर वाटा कसा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क सोपवायचा तर तो लेखी आणि सहीनिशी लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या कोणी परदेशी चॅनेल दारात आलं तर हीच ओळ आठवेल. गेममध्ये विकत घेतलेले तयार ॲसेट-पॅक (चित्रं-आवाजांचे संच) असतील तर त्यांचा परवाना वाचा. गेमपुरता परवाना मालिकेला चालतोच असं नाही. करार मात्र वकिलाकडूनच करून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

शेवटचं, ते ९० सेकंदांचं शीर्षकगीत. चाल छान आहे, खरंच. पण पाच मिनिटांच्या भागात दीड मिनिट म्हणजे जवळपास एक तृतीयांश. ते गाणं वेगळं प्रसिद्ध करा, भागाला सहा सेकंद द्या. आणि त्या सहा सेकंदांसाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, एखाद्या ओळखीच्या कारखान्यात मालकाला विचारून रेकॉर्डर घेऊन जा. माग सुरू असतानाचा आवाज सगळेच घेतात. तुम्ही बंद होतानाचा घ्या. एकेक माग थांबत जातो, ठेका विरळ होत जातो, आणि शेवटी एकच माग उरतो. तेवढा तुकडा कापून मला पाठवा, कुठे बसवायचा ते बघू.